त्झात्झिकीला पाणी का सुटते? ग्रीक चटण्या-कोशिंबिरींविषयी वाचकांचे प्रश्न

त्झात्झिकी (दही-काकडीची ग्रीक चटणी) करताना घट्ट असते, पण पाने वाढेपर्यंत वाडग्यात पाणीच पाणी. चवही आपल्या काकडीच्या कोशिंबिरीसारखीच लागते. कुठे चुकते? — एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

पाणी दोन वाटांनी येते, दह्यातून आणि काकडीतून. दोन्हीकडचे वेगवेगळे काढावे लागते. नुसते घट्ट दही घेऊन भागत नाही, श्रीखंडाला करतो तसा चक्काच हवा. १ किलो सायीच्या दुधाचे दही पंचात बांधून सहा ते आठ तास टांगले, की साधारण ४५० ते ५०० ग्रॅम चक्का मिळतो. दही ताजे, अधमुरे घ्या. श्रीखंडात साखर आंबटपणा झाकते, इथे झाकायला काहीच नाही. बाहेर उकाडा असेल तर पुरचुंडी चाळणीत ठेवा, खाली पातेले घ्या आणि सगळेच फ्रिजमध्ये सरकवा.

२५० ग्रॅम चक्क्याला २०० ग्रॅमची एक काकडी पुरते. आधी देठाकडचा तुकडा चाखा. कडू लागला तर ती काकडी बाजूला ठेवा, मिठाने कडूपणा जात नाही. साल काढून उभी चिरा, बियांचा गर चमच्याने खरवडून टाका आणि किसणीच्या जाड बाजूने किसा. पाव चमचा मीठ चोळून किस २० मिनिटे चाळणीत ठेवा, मग मुठीत धरून पिळा. किसाचा लाडू वळता आला आणि तळहात नुसता ओलसर राहिला, म्हणजे झाले. किस निम्म्याहूनही कमी दिसेल, तसाच तो हवा. निघालेले खारे पाणी थालीपिठाच्या पिठात जिरवा.

आता चव. कोशिंबिरीत दाण्याचे कूट, साखर, फोडणी असते. त्झात्झिकीत यातले काहीच नसते. तिची चव लसूण, ऑलिव्ह तेल, व्हिनेगर आणि शेपू यांची. लसणाची एक मोठी पाकळी चिमूटभर मिठाबरोबर खलबत्त्यात लोण्यासारखी वाटा, लगेच एक छोटा चमचा व्हिनेगर घालून पाच मिनिटे ठेवा. आंबटामुळे लसणाचा झोंबरेपणा पुढे वाढत नाही. हे चक्क्यात कालवा, दीड मोठा चमचा तेल थोडे थोडे घालत घोटा, शेवटी काकडी आणि एक मोठा चमचा बारीक चिरलेला शेपू घाला. बाजारात सब्बसगी म्हणून जुडी मिळते तोच हा शेपू, मात्र फक्त कोवळे शेंडे घ्या, दांडे नकोत. मिक्सरला हात लावू नका, चक्का त्यात पातळ होतो. वाढण्याआधी तासभर फ्रिजमध्ये ठेवा. आदल्या दिवशी करणार असाल तर लसूण निम्मा करा, रात्रीतून तो उग्र होतो.

फेटा चीज इथे सहज मिळत नाही. पनीर चालेल का? — एक वाचक, खानापूर

चालेल, पण त्याला फेटा म्हणू नका. फेटा मेंढीच्या दुधाचा असतो, त्यात फार तर ३० टक्के शेळीचे दूध चालते, आणि तो किमान दोन महिने मुरतो. युरोपीय संघात २००२ पासून हे नाव ग्रीसच्या ठरावीक भागांतल्या चीजलाच मिळते. पनीर आंबटाने फाडलेले आणि न मुरलेले. तरी त्याला खारट-आंबट करता येते. अर्धा लिटर पाणी उकळून पूर्ण गार करा, त्यात ३५ ग्रॅम मीठ (काट्यावर तोलून, अंदाजाने नको) आणि दोन मोठे चमचे व्हिनेगर घाला. २५० ग्रॅम घट्ट पनीरची अखंड वडी काचेच्या बरणीत त्यात बुडवून दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा. मऊ पनीर पाण्यात विरघळल्यासारखे सुटते, ते घेऊ नका.

होरिआतिकी, म्हणजे गावाकडचे सॅलड, याच्यासाठी तीन पिकलेले टोमॅटो मोठ्या फोडी करून, काकडीच्या जाड चकत्या, कांद्याच्या पातळ चकत्या, ढोबळी मिरचीची कडी, आठ-दहा काळे ऑलिव्ह घ्या. वर पनीरची अख्खी वडी, चिमूटभर ओरेगॅनो, तीन मोठे चमचे तेल. सॅलडची पाने यात पडत नाहीत. मीठ चाखून मगच घाला, वडी खारट आहे. इथे मात्र सुटलेले पाणी टाकू नका. टोमॅटोचा रस आणि तेल ताटाच्या तळाशी साचते, ते ग्रीक लोक पावाने टिपून खातात. आपल्याकडची कडक भाकरी मोडून त्यात बुडवा, ती ज्वारीची असेल तर फारच छान लागते.

मेलित्झानोसलाता म्हणजे वांग्याचे भरीतच ना? — एक वाचक, निपाणी

भाजण्यापर्यंत भरीतच. ५०० ग्रॅमचे वांगे टोचे मारून (नाहीतर फुटते) विस्तवावर किंवा गॅसवर देठाजवळ खचेपर्यंत भाजा. साल नळाखाली धुऊन काढू नका, धुराचा वास वाहून जातो. गर अर्धा तास चाळणीत निथळत ठेवा, खाली तपकिरी कडसर पाणी पडेल ते फेका. मग सुरीने चिरा. मिक्सरमध्ये बिया फुटून गर कडू, राखाडी आणि चिकट होतो. त्यात लिंबाचा रस एक मोठा चमचा, तेल तीन मोठे चमचे, अर्धी पाकळी लसूण, मीठ. पार्सली नसेल तर अगदी थोडी कोथिंबीर. फोडणी आणि कूट नको, घातले की ते पुन्हा भरीतच.

स्कोर्दालिया (लसूण-बटाट्याची ग्रीक चटणी) मिक्सरमधून काढली तर डिंकासारखी ताणू लागली. वाचवता येईल? — एक वाचक, चिकोडी

नाही. पाती फिरली की बटाट्याच्या पेशी फुटतात, पिष्ट बाहेर येते आणि चिकट होते. त्याचे थालीपीठ लावा. पुढच्या वेळी ४०० ग्रॅम जुने, पिठूळ बटाटे सालासकट उकडून गरम असतानाच पुरणयंत्रातून काढा. चार पाकळ्यांचे वाटण, १०० मिलिलिटर तेल आणि दोन मोठे चमचे व्हिनेगर आलटून पालटून घालत लाकडी चमच्याने हलवा. नवा बटाटा चिकट असतो, तो टाळा. ग्रीसमध्ये ही चटणी २५ मार्चच्या सणाला तळलेल्या खाऱ्या कॉड माशाबरोबर खातात. आपल्याला तळलेली सुरमई चालेल.

ऑलिव्ह तेल महाग पडते. घाण्याचे शेंगदाणा तेल वापरले तर? — एक वाचक, शहापूर

त्याचा वास सगळ्यावर चढतो. कच्चे खायचे म्हणून एक्स्ट्रा व्हर्जिनच घ्या. ‘पोमेस’ किंवा ‘लाइट’ लिहिलेले तेल तळायला ठीक, पण चटणीत त्याला वास नाही. लहान बाटली घ्या, गडद काचेची असेल तर उत्तम, आणि शेगडीपासून लांब, अंधाऱ्या फडताळात ठेवा. पैसे वाचवायचे तर स्कोर्दालियात वाचवा, तिथे निम्मे साधे रिफाइंड तेल खपून जाते. त्झात्झिकीत आणि सॅलडमध्ये नाही.