चुनखडीच्या खडकात एवढ्या मोठ्या गुहा कशा तयार होतात?

खडक विरघळून. पावसाचं पाणी हवेतला थोडा आणि मातीतला पुष्कळ कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं, त्यामुळे ते किंचित आम्लधर्मी होतं. हे पाणी भेगांत शिरून चुनखडी विरघळवत नेतं. केसाएवढ्या फटीतून माणूस जाऊ शकेल इतकी वाट व्हायला हजारो वर्षं लागतात. पुढे भूजलपातळी खाली गेली की पोकळी रिकामी होते, तीच गुहा. छत कोसळलं तर वर मोठा खड्डा पडतो. स्लोव्हेनियातल्या क्रास पठारावरून अशा भूप्रदेशाला ‘कार्स्ट’ म्हणतात. अमेरिकेतली मॅमथ गुहा तर ६०० किलोमीटरहून लांब आहे!

मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो छताला लोंबणारा थेंब. गुहेतल्या हवेत त्याच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुन्याचं बारीकसं कडं मागे राहतं. कड्यावर कडं चढत जाऊन लोंबते स्तंभ वाढतात.