पहिल्याच दिवशी हेडसेट चढवू नका

डॉक्टर, दातांच्या उपचारात ऑटिस्टिक मुलाचं लक्ष वळवायला व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर बांधून चहूबाजूंनी व्हिडिओ दाखवणारं यंत्र) वापरणार असाल, तर तो आधी नुसता हाताळू द्या, मग 2-3 मिनिटंच डोळ्यांवर. पट्टा टोचला तर व्हिडिओ कितीही छान असो, उपयोग शून्य. मेटा क्वेस्ट या हेडसेटला वयाची अट किमान 10 वर्षं. फिट्स येत असतील तर बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नकोच.

हमखास फसतं ते इथं: खुर्ची आडवी केली की मुलाला व्हिडिओतल्या माशांऐवजी नुसतं आभाळ दिसतं. कंट्रोलरचं बटण दाबून धरून दृश्य पुन्हा समोर आणा. सांगलीच्या मे महिन्यात हेडसेटच्या भिंगावर वाफ धरते, एसी आधीच लावा. आवाज कमी ठेवा, ‘आता पाणी येणार’ हे तुमचं बोलणं ऐकू यायला हवं. न सांगता तोंडात आरसा घातलात तर पुढच्या खेपेला मूल दारातूनच परतेल. भुलीचं इंजेक्शन मात्र टळत नाही हो!