कार्ड तिसऱ्या वर्षी घे

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आर्किटेक्चरच्या अभ्यासासाठी घ्यायच्या कॉम्प्युटरची दोन्ही कोटेशनं वाचली. पहिल्यात इंटेलचा आय-५ १२४००एफ प्रोसेसर आणि सोबत ‘४ जीबी ग्राफिक कार्ड’, म्हणजे एनव्हिडियाचं जीटी ७३०. दुसऱ्यात नुसता आय-५ १२४००, कार्ड नाहीच. आर्किटेक्चरला कार्ड लागतंच, पहिलंच घ्या, असं दुकानदार म्हणाला आणि बाबांनाही ते पटलं, असं तू लिहिलंयस. मला ते पटलेलं नाही. दुसरं घे. कार्डाचे पैसे बाजूला ठेव, दोन वर्षांत त्यात भर पडेल आणि तिसऱ्या वर्षी कामाचं कार्ड घेता येईल.

आधी त्या ‘एफ’चं बघू. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावापुढे एफ असला की त्याच्यातलं ऑनबोर्ड ग्राफिक्स, म्हणजे वेगळ्या कार्डाशिवाय चित्र दाखवणारा भाग, वापरता येत नाही. मग स्क्रीनवर काहीतरी दिसावं म्हणून कार्ड घालावंच लागतं. तुझ्या कोटेशनमध्ये जीटी ७३० आलं ते एवढ्यासाठीच. ते तुझं ड्रॉइंग पळवायला आलेलं नाही, डिस्प्ले द्यायला आलंय. आणि सबमिशनच्या आदल्या रात्री तेच कार्ड गेलं तर मशिन चालू असून काही दिसणार नाही. एफ नसलेला प्रोसेसर असेल तर कार्ड काढायचं, मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावायची आणि कामाला बसायचं. दोघांच्या किमतीत थोडा फरक असतो. एवढ्या सोयीसाठी तो फरक मी प्रत्येकाला द्यायला सांगतो, पुढे मोठं कार्ड घेणार असेल त्यालाही.

आता त्या ‘४ जीबी’कडे ये, कारण सगळे तिथेच फसतात. कार्डावरचे जीबी म्हणजे टाकी केवढी ते. नळ केवढा, म्हणजे मेमरीतून माहिती किती वेगाने येते, ते त्या आकड्यात कुठेच येत नाही, आणि चित्र पडद्यावर किती भरभर येणार हे बऱ्याच अंशी नळावर ठरतं. ६४ बिटवालं डीडीआर३ जीटी ७३० सेकंदाला जेमतेम १४.४ जीबी माहिती मेमरीतून उचलतं. तुझ्या दुसऱ्या कोटेशनमधल्या मशिनला ३२०० ची डीडीआर४ रॅम दोन स्टिकमध्ये लावली की तोच आकडा ५१.२ होतो. त्यात प्रोसेसरचा वाटा असतो हे खरं, तरी उरतं ते १४.४ पेक्षा बरंच जास्त. याउलट आरटीएक्स ३०६० या मोठ्या कार्डाच्या १२ जीबी मॉडेलचा आकडा ३६० आहे. म्हणजे स्वस्त कार्ड आणि ऑनबोर्ड यांच्यात निवडण्यासारखं काही नाही, खरी उडी त्याच्या पुढे आहे.

ऑनबोर्ड ग्राफिक्स मुळातच दुबळं, असंही समजू नकोस. २०२० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ या गेमच्या मशिनमध्ये वेगळं कार्ड नाही. प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच चिपमध्ये आहेत, पण मेमरी जीडीडीआर६, म्हणजे ग्राफिक कार्डांवर असते तशी वेगवान, आहे आणि वेग सेकंदाला ४४८ जीबी. आपल्या घरच्या मशिनमध्ये ऑनबोर्ड मागे पडतं त्याचं मोठं कारण म्हणजे त्याला साध्या रॅमवर भागवावं लागतं, तीही प्रोसेसरशी वाटून घेत.

जीटी ७३० बद्दल आणखी एक. हे कार्ड २०१४ चं. त्यातल्या केप्लर पिढीच्या चिपसाठी नेहमीचे नवे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारी सॉफ्टवेअर, २०२१ मध्येच थांबले, सुरक्षेपुरते २०२४ पर्यंत आले. व्हीपी९, एव्ही१ अशा आजच्या पद्धतींनी आवळलेले व्हिडिओ त्याला स्वतः उलगडता येत नाहीत, तो भार प्रोसेसरवर पडतो. १२४०० मधलं ऑनबोर्ड ग्राफिक्स यूएचडी ७३० हे काम स्वतः करतं. म्हणजे पैसे मोजून घेतलेल्या कार्डावर यूट्यूबचा ४के व्हिडिओ जास्त जड जाणार! असं कार्ड मुलांच्या गळ्यात मारलेलं बघवत नाही मला.

आता तुझ्या अभ्यासक्रमाबद्दल. पाच वर्षांतल्या पहिल्या वर्षात ड्राफ्टिंग बोर्ड, शीट आणि मॉडेलच जास्त. मग ऑटोकॅडमधले प्लॅन आणि सेक्शन येतात, ते यूएचडी ७३० वर नीट चालतात. स्केचअप हे थ्रीडी मॉडेलचं सॉफ्टवेअरही चालतं. सावल्या चालू ठेवून शेकडो झाडं टाकलीस तर अडखळेल, पण शिकताना सावल्या बंद ठेवून काम करायची सवय लागलेली बरीच. रेव्हिट या इमारतीचं मॉडेल बांधायच्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल बदललं की नव्याने मांडायचं काम बहुतेक करून प्रोसेसरच्या एका कोअरवर आणि रॅमवर पडतं, तिथे कार्डाने फारसं काही हलत नाही. व्ही-रे प्रोसेसरवरही रेंडर करतं, म्हणजे मॉडेलचं खरंखुरं दिसणारं चित्र काढतं, वेळ लागतो एवढंच. लुमियन आणि एनस्केप या लगेच रेंडर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरना मात्र वेगळं कार्ड लागतंच, तिथे ऑनबोर्डवर रेटून उपयोग नाही. ही सॉफ्टवेअर साधारण तिसऱ्या वर्षाच्या डिझाइनच्या सुमारास तुझ्या हातात येतील. कार्डाची वेळ ती.

पण तेव्हाही वर्गातल्या मित्राने घेतलं म्हणून घेऊ नकोस. मशिन अडखळत असताना टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्समध्ये जा आणि मॉडेल फिरवत ठेव. जीपीयूचा, म्हणजे ग्राफिक्सचा, आलेख शंभराला टेकला असेल तर कार्ड हवं. जीपीयू निवांत असेल आणि सीपीयूवर नुसते आठ-दहा टक्के दिसत असतील तर ‘प्रोसेसर तर रिकामाच आहे’ असं म्हणू नकोस. १२४०० मध्ये बारा थ्रेड, म्हणजे एका वेळी कामं चालवायच्या बारा वाटा, असतात, त्यातला एक पूर्ण जुंपला तरी एकूण आकडा आठच्या आसपास दिसतो. आलेखावर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसरचं दृश्य लाव, म्हणजे बारा छोट्या चौकटी येतील. त्यातली एखादीच सतत वर चिकटलेली दिसली तर अडचण तिथे आहे, आणि कितीही महाग कार्ड लावलंस तरी ती सुटणार नाही. आमच्या ऑफिसात कोणी नवं कार्ड मागितलं की मी आधी त्याच्या शेजारी बसून हेच बघतो.

मग आज पैसे कुठे घालायचे? रॅम आणि एसएमपीएस, म्हणजे मशिनला वीज पुरवणारा डबा. ऑनबोर्डवर चालणार असशील तर रॅमची एकच स्टिक अजिबात नको, एका स्टिकवर तो ५१.२ चा आकडा निम्मा होतो. तुझ्या कोटेशनमधल्या एच६१० मदरबोर्डाला रॅमचे दोनच स्लॉट दिसतात. आठ-आठ जीबीच्या दोन घेतल्यास तर पुढे वाढवताना त्या काढाव्या लागतील, हे कळतंय मला. तरी दोनच घे. बाबांना झेपत असेल तर सोळा-सोळाच्या. ऑनबोर्ड ग्राफिक्स त्याच रॅममधून वाटा घेतं, विंडोज त्याला निम्म्यापर्यंत वापरू देतं, म्हणून एकूण ८ जीबीत भागवायचा विचारही करू नकोस.

एसएमपीएस कॅबिनेटसोबत फुकट येणारा नको. आज कार्ड नाही म्हणून कशालाही चालेल, पण तिसऱ्या वर्षी कार्डासोबत तोही बदलावा लागेल. चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा घे. मदरबोर्डाचा स्लॉट कार्डाला ७५ वॅटपर्यंतच वीज देतो, त्यापुढची एसएमपीएसच्या वेगळ्या केबलमधून जाते. आरटीएक्स ३०६० एकटं १७० वॅट घेतं. तुमच्याकडे पावसाळ्यात लाइट सारखी जाते, म्हणून यूपीएसचाही विचार आत्ताच कर. साधा ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटच झेपवतो. आज तो भरपूर झाला. पण कार्ड, प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून रेंडर चालू असताना लाइट गेली तर तो शिट्टी मारून बंद पडेल, रेंडरही गेलं. तेव्हा १००० व्हीए लागेल.

लॅपटॉपचं वेगळं. त्यात कार्ड मागाहून बसत नाही, त्यामुळे तिथे निर्णय पहिल्याच दिवशी घ्यावा लागतो. शिवाय नुसत्या नावावर जाऊन चालत नाही, आरटीएक्स ४०६० कुठल्या लॅपटॉपमध्ये ३५ वॅटवर चालतं, कुठल्यात ११५ वर. तू घरूनच कॉलेजला जाणार आहेस, तेव्हा डेस्कटॉपच बरा.

तिसऱ्या वर्षी बाजारात काय असेल ते तेव्हा बघू. मात्र लुमियनसाठी ८ जीबीच्या खाली उतरू नकोस, आणि नाव सारखं दिसलं तरी आतला माल तपास. आरटीएक्स ३०५० हे ८ जीबीतही आलंय आणि ६ जीबीतही. पहिल्याचा मेमरीचा वेग सेकंदाला २२४ जीबी, दुसऱ्याचा १६८. दुकानात दोन्हींना ३०५० च म्हणतात. कार्ड बसवल्यावर केबलही बघ. कॅबिनेटच्या मागे वरच्या बाजूला यूएसबीच्या शेजारी जो एचडीएमआय आहे तो मदरबोर्डाचा, खाली आडव्या पट्टीत असतात ते कार्डाचे. केबल वरच्यातच राहिली तर एक तर डिस्प्ले येत नाही, नाहीतर येतो आणि मशिन ऑनबोर्डवरच चालत राहतं. महिनोन्महिने असं चाललेलं मशिन मी पाहिलंय.

जुनं कार्ड घ्यायलाही माझी ना नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, कॉम्प्युटरच्या बाजारात, जायचं ठरलं तर मला कळव, मी येतो. तिथे कार्ड मशिनला लावून घ्यायचं आणि जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर चालवायचं. जुन्या चिपवर नवं नाव चढवून विकलेली कार्डं निघतात, आणि नावाआधी ‘फेक’ असं आलं की तिथून उठायचं. नाव बरोबर असेल तर अर्धा तास एखादं जड रेंडर लावून पंख्याचा आवाज आणि तापमान बघत बसायचं. दुकानदार घाई करेल, करू दे. पैसे त्यानंतर द्यायचे.

तुझा,
काका