आईची स्मरणिका काढायची आहे, पण लिहायला बसलं की सुचत नाही

सांगलीच्या एका ताईंचं पत्र: "आई ८९ व्या वर्षी गेली. गावभागात तिनं भिशी चालवली, बाळंतिणींना डबे पोचवले, पुरात लोकांना घरात घेतलं. तीन महिन्यांनी वर्षश्राद्धाला स्मरणिका काढायची आहे. भाऊ म्हणतो, प्रेमळ, कष्टाळू, धार्मिक एवढं लिही. मला रडू येतं आणि काहीच आठवत नाही."

ताई, आईचं निम्मं काम तुमच्या घराबाहेर झालं. ते ज्यांच्या दारात झालं, त्यांच्याकडे आहे. तेव्हा पहिला महिना लिहू नका, गल्लीतल्या म्हाताऱ्या बायकांकडे जाऊन बसा.

"आई कशी होती?" असं विचारू नका, "लई माया होती" एवढंच हाती लागेल. "तुमच्याकडे डबा घेऊन आली तेव्हा त्यात काय होतं? तुम्ही कितव्या दिवसाच्या बाळंतीण होता?" असं विचारा. सन कुणालाच आठवत नाही. कोयनेच्या भूकंपाआधी की नंतर, हे मात्र पक्कं आठवतं. तो ११ डिसेंबर १९६७ चा. मग १९७२ चा दुष्काळ, २००५ चा पूर, २०१९ चा पूर. या खुंट्यांना बाकीचं टांगा. आईची जन्मतारीख कागदावर १ जून असेल तर जरा थांबा. शाळेत नाव घालताना अनेकांची तीच लिहिली जायची. जुनी पत्रिका असेल तर ती बघा.

मोबाइलवर रेकॉर्ड करा, पण पंखा बंद ठेवून आणि मोबाइल घडी केलेल्या टॉवेलवर ठेवून. नाहीतर सगळा घरघराटच ऐकू येतो. एका बैठकीला अर्धा तास पुरे, तोही सकाळचा.

भिशीची वही सापडली तर जपा, मात्र छापू नका. कुणी कधी उचल घेतली, कुणाचा हप्ता थकला, हे आईनं आयुष्यभर पोटात ठेवलं.

जुन्या चिकट अल्बममधले फोटो ओढून काढू नका, कडा फाटतात. मागून बारीक दोरा सरकवून बघा. नाहीच सुटले तर आहे त्याच पानावर, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता टिपा. मागं नावं मऊ पेन्सिलीनं लिहा. बॉलपेनचा दाब पुढं उमटतो.

पिन मारलेल्या पुस्तिकेची पानं ४ च्या पटीतच येतात. १६ पानं धरा. वाचणारी मंडळी वयस्कर, म्हणून अक्षर १४ पॉइंटचं ठेवा. फोटो सोडून साधारण १८०० शब्द बसतील. मोबाइलवरचा मजकूर छपाईवाल्याच्या जुन्या फॉन्टमध्ये वळवताना रफार आणि जोडाक्षरं बिघडतात, म्हणून कागदावरचं प्रूफ मागाच. ते गल्लीतल्या सगळ्यात जुन्या मावशींना मोठ्यानं वाचून दाखवा. नात्यांच्या चुका त्यांनाच कळतील.

भावाशी भांडू नका. त्याच्या प्रत्येक शब्दासमोर एक प्रसंग लिहायला सांगा. ज्याला प्रसंग मिळणार नाही, तो शब्द तोच खोडेल. आई फटकळ असेल तर तेही येऊ द्या. ते वगळलंत तर शेजारणींना ती ओळखू येणार नाही.

आणि रडू येईल त्या दिवशी लिहायला बसू नका. त्या दिवशी फोटोंमागची नावं घाला, मावशींना शेजारी बसवून.