घड्याळात कायम दहा वाजून दहाच का?

प्रश्न: सिनेमा किंवा जाहिरात बघून झाली की माझा मित्र प्रत्येक गोष्टीचा अर्थ सांगत बसतो, हा रंग म्हणजे हे, कॅमेरा खालून लावला म्हणजे ते. बनवणाऱ्याने खरंच एवढा विचार केलेला असतो का हो, की आपणच ओढूनताणून काढतो?

उत्तर: दोन्ही होतं. घड्याळाच्या जाहिराती बघा, काटे बहुतेक वेळा दहा वाजून दहावर, कारण ब्रँडचं नाव झाकलं जात नाही आणि घड्याळ हसल्यासारखं दिसतं, म्हणजे ते ठरवूनच केलेलं. पण निम्मा अर्थ आपल्या डोक्यात तयार होतो हेही खरंय. 1920 च्या आसपास रशियात लेव्ह कुलेशोव्ह या सिनेदिग्दर्शकाने एका नटाचा तोच निर्विकार चेहरा एकदा सूपच्या शॉटला जोडला, एकदा शवपेटीच्या, आणि बघणाऱ्यांना त्यात कधी भूक दिसली तर कधी दुःख, चेहरा मात्र तोच! म्हणून मित्राला एवढंच विचारा, हे तुला नेमकं कुठल्या शॉटवरून वाटलं? दाखवता आलं तर नीट ऐका, नाहीतर गप्पा म्हणून सोडून द्या. रंगांबद्दल तर मला फारच शंका येते बुवा, लाल दिसला की लगेच धोका वगैरे, कधीकधी कपडेवाल्याकडे त्या दिवशी तेवढाच ड्रेस मापाचा असतो.