मासे सोडायची घाई नको, आधी टाकी मुरू द्या

मागच्या अंकात ॲक्वापॉनिक्सबद्दल जाता जाता चार ओळी लिहिल्या होत्या, म्हणजे खाली टबात मासे, वर खडीत भाजी आणि एकच पाणी दोघांत फिरत राहतं, माती नाही की वेगळं खत नाही. त्यावर इतके प्रश्न आलेत की या वेळचं सदर पूर्ण त्यालाच देतेय. कुंड्यांवाल्यांनो, या महिन्यापुरतं सांभाळून घ्या.

ताई, मी डोंबिवलीला चौथ्या मजल्यावर राहते, बाल्कनी 4 बाय 8 ची. व्हिडिओ बघून 100 लिटरचा टब आणला, वर क्रेट ठेवून खडी भरली, पालक-पुदिना लावला आणि दुसऱ्याच दिवशी 12 गोल्डफिश सोडले. पाचव्या दिवशी 3 मेले, बाकीचे वर येऊन तोंड उघडझाप करतायत. पाणी तर एकदम स्वच्छ दिसतंय! काय चुकलं? आणि परत सुरू करायचं तर कसं?

आधी आत्ताचं बघू. आजपासून खाणं पूर्ण बंद, दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर काही होत नाही. टबातलं निम्मं पाणी काढा आणि कालपासून उघड्या बादलीत भरून ठेवलेलं पाणी घाला, थेट नळाचं नको, त्यातलं क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना जाळतं. शंभर-दीडशेचा एअर पंप मिळतो तो लावा. उद्या परत थोडं पाणी बदला.

आता चूक. पाणी स्वच्छ दिसतं म्हणून आपण फसतो, कारण अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात, उरलेलं खाणं कुजूनही तोच तयार होतो आणि माशांसाठी ते विषच. खडीवर दोन प्रकारचे बॅक्टेरिया वाढले की पहिला अमोनियाचं नायट्राइट करतो (तेही विषारीच), दुसरा नायट्राइटचं नायट्रेट करतो आणि हे नायट्रेट म्हणजे तुमच्या पालकाचं खत. पण हे बॅक्टेरिया पहिल्या दिवशी नसतात हो, त्यांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. लोणचं घातल्या घातल्या खात नाही ना आपण? तशी टाकीही मुरू द्यायची.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाहीये, माझेही पहिले 8 मासे असेच गेले, शेवटचा सकाळी टबात आडवा तरंगताना माझ्या मुलीला दिसला आणि ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

परत सुरू कराल तेव्हा मासे नसताना पाणी वर चढवणारा पंप चालू करा, तो 24 तास चालू, रात्री बंद करायचा नाही कारण बॅक्टेरियालाही ऑक्सिजन लागतो. रोज माशांच्या खाण्याची चिमूट पाण्यात टाका किंवा एक सोललेली कोलंबी जुन्या मोज्यात बांधून सोडून द्या. वास येईल, घरचे बोलतील, बोलू दे. ॲक्वेरियमच्या दुकानातून थेंबांचं टेस्ट किट घ्या, अमोनिया आणि नायट्राइट दोन्हीचं. आधी अमोनिया चढेल, मग तो उतरता उतरता नायट्राइट चढेल, शेवटी दोन्ही शून्यावर येतील आणि नायट्रेट दिसायला लागेल. त्या दिवशी मासे आणा, आणि 12 नाही, चार छोटे. कोणाकडे जुना चालता फिश टँक असेल तर त्याच्या फिल्टरचा मळका स्पंज मागून आणा आणि तुमच्या खडीवर पिळा, निम्मा वेळ वाचतो. त्या घाण पाण्यासारखं विरजण नाही!

आणि एक विचारलं नाहीत तरी सांगते, वजन. 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो, वर 60 लिटर खडी भरली तर ती अजून 90-100 किलो, सगळं मिळून 200 च्या वर आणि तेही अर्ध्या चौरस मीटरात, म्हणजे चौरस मीटरला 400 च्या वर. बाल्कनीचं डिझाइन साधारण चौरस मीटरला 300 किलो धरून करतात, पण ते नव्या धडधाकट बिल्डिंगचं झालं. टब कठड्याकडे ठेवू नका, घराच्या भिंतीला चिकटवून ठेवा आणि खडीऐवजी भाजलेल्या मातीचे गोळे मिळतात, क्ले बॉल्स म्हणतात दुकानात, ते घ्या. महाग आहेत पण तेवढ्याच जागेला 25-30 किलोत काम होतं. बिल्डिंग जुनी असेल, स्लॅबचं प्लास्टर पडत असेल तर सरळ सांगते, हा नाद बाल्कनीत करू नका.

भाजीचंही खरं सांगते. एक चौरस मीटर पालेभाजी पोसायला माशांना रोज 40-50 ग्रॅम खाणं जायला हवं असा हिशेब आहे. तुमचा क्रेट त्याच्या पाचवा हिस्सा, म्हणजे 8-10 ग्रॅम, आणि चार छोटे गोल्डफिश मिळून एखाद-दोन ग्रॅम खातात. म्हणून सुरुवातीला पुदिन्याच्या चार काड्या आणि पालकाची पाच-सहा रोपं एवढंच लावा. व्हिडिओत दिसतं तसं जंगल पहिल्या वर्षी होत नाही.

नमस्कार, मी नाशिकचा, रिटायर्ड माणूस आहे, वेळ भरपूर. बेल सायफन स्वतः बनवला. वाफ्यात पाणी भरतं, सायफन सुरू होतो, पण मग तुटतच नाही, बारीक धार चालूच राहते आणि वाफा परत भरत नाही. तीन वेळा पाइप बदलला.

काका, पाइप बदलू नका, आधी नळ फिरवा! बाकीच्यांसाठी सांगते, वाफ्यात (म्हणजे वरच्या खडीच्या क्रेटमध्ये) एक उभा पाइप असतो, त्यावर बूच लावलेला मोठा पाइप उपडा घालतात, त्याला तळाशी खाचा. पाणी उभ्या पाइपच्या तोंडापर्यंत आलं की आतली हवा ओढली जाऊन पाणी खळाळून खाली जातं, तळाच्या खाचांतून हवा शिरली की थांबतं, परत भरायला लागतं. मुळांना आळीपाळीने पाणी आणि हवा मिळते, सगळी मजा यातच आहे.

तुमची धार तुटत नाही म्हणजे पंपाचं पाणी जरा जास्त येतंय, जेवढं सायफन ओढतो तेवढंच वरून पडतंय त्यामुळे हवेला आत शिरायला जागाच मिळत नाही. पंपाच्या लाइनवर एक बॉल व्हॉल्व्ह टाका आणि अगदी थोडा थोडा बंद करत जा, केसभर, मग दोन फेऱ्या होईपर्यंत चहा प्या, मग परत. उलटं झालं, म्हणजे पाणी उभ्या पाइपवरून नुसतं ओघळतंय आणि सायफन सुरूच होत नाहीये, तर पाणी कमी पडतंय, किंवा मग खाली पडणाऱ्या तोंडाला एक एल्बो लावा, तिथे पाणी किंचित अडतं, पाइप पूर्ण भरतो आणि खेच मिळते. तरी धार तुटली नाही तर उपड्या पाइपच्या खाचा अर्धा सेंटीमीटर उंच कापून बघा. आणि बाहेरून जाळीचा तिसरा पाइप घातलाय ना? नाहीतर दोन महिन्यांत पुदिन्याची मुळं आत घुसतात आणि मग माणूस सायफनला शिव्या देत बसतो.

सोलापूरहून. बोअरचं पाणी आहे. मासे मस्त, पण पालक-टोमॅटोची नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. खडी म्हणून पांढरे शोभेचे दगड घातलेत, छान दिसतात. सिस्टिम 200 लिटरची.

छान दिसतात तेच नडलेत! त्यातला एक दगड वाटीत घेऊन त्यावर व्हिनेगर ओता, बुडबुडे आले की समजा संगमरवर किंवा चुनखडीचा प्रकार आहे. तो विरघळत राहतो आणि पीएच, म्हणजे पाण्याचा आम्ल-अल्कली आकडा, वर नेतो, त्यात बोअरचं पाणी आधीच जड. पीएच आठच्या आसपास गेला की पाण्यात लोह असून नसल्यासारखं, मुळांना घेताच येत नाही. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या ही लोहाच्या कमतरतेची पक्की खूण (जुनी, खालची पानं पिवळी पडली असती तर वेगळी गोष्ट).

दगड काढा, पण एकदम नाही, आठवड्याला पाव हिस्सा, नाहीतर बॅक्टेरियाही त्याच्याबरोबर घराबाहेर. त्याजागी आपली काळी बेसॉल्टची खडी, स्वच्छ धुऊन, महाराष्ट्रात जिथे तिथे मिळते आणि व्हिनेगरला दाद देत नाही. लिंबू पिळून पीएच उतरवायचा उद्योग करू नका, संध्याकाळी उतरतो आणि सकाळी परत तिथेच. पावसाचं पाणी साठवलं असेल तर ते मिसळत जा. शिवाय सिस्टिम जुनी होते तशी बॅक्टेरियाच्या कामानेच पीएच हळूहळू खाली येतो, सातच्या जवळपास आला की माशांनाही बरं, भाजीलाही.

तोवर चिलेटेड लोह द्या, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपात बांधलेलं लोह. कृषी सेवा केंद्रात बहुतेक वेळा ईडीटीए वालं हातात ठेवतात, ते तुमच्या पीएचला टिकत नाही, ईडीडीएचए मागा. 6 टक्के लोह असेल तर 200 लिटरला 6-7 ग्रॅम, तीन आठवड्यांतून एकदा. पाणी लालसर होईल, घाबरून बदलू नका. हिराकस (फेरस सल्फेट) अजिबात नको.

मॅडम, खायचे मासे ठेवायचेत, शोभेचे नकोत. रोहू-कटला की चिलापी? टब 150 लिटरचा आहे.

घरगुती सिस्टिमला 1000 लिटरमागे 10 ते 20 किलो मासे यापुढे जायचं नसतं. 150 लिटरला झाले दीड ते तीन किलो, तेही सगळं नीट चाललं तर, म्हणजे अख्खं वर्ष सांभाळून पाहुणे आले की एका कालवणात संपले. रोहू-कटला तळ्यातले मासे, टबात त्यांचे हाल होतात. चिलापी (तिलापिया) टबात छान जगतो पण त्याच्या पालनाला परवानगीचे नियम आहेत, आधी मत्स्यव्यवसाय खात्याच्या जिल्हा ऑफिसात विचारा, आणि नदी-नाल्यात तर कधीच सोडू नका. कोणी "थाई मागूर घ्या, कशातही जगतो" म्हणालं तर हात जोडा, त्याच्यावर देशात बंदी आहे. मी तर म्हणेन पहिलं वर्ष गोल्डफिश किंवा गप्पी ठेवा आणि बांगडा बाजारातून आणा.

टोमॅटोवर मावा आलाय. नीम तेल आणि शाम्पूचा फवारा नेहमी कुंड्यांवर मारते, इथे चालेल ना?

नाही नाही नाही. फवारा खडीवरून सरळ टबात जातो, साबण-शाम्पूने माशांचे कल्ले जातात, नीमही माशांना सोसत नाही आणि तंबाखूचं पाणी तर विचारूच नका. शेंडे बोटांनी पुसा, फार झालं तर तो शेंडाच खुडून टाका. पाण्याची जोरदार धारही चालते, झाड वाफ्याबाहेर वाकवून.

गणपतीत 10 दिवस कोकणात गावी जातो. मासे, पंप, लाइट, सगळ्याचं काय करायचं?

लाइटचं आधी. पंप बंद पडला तर भाजी दिवसभर तग धरते, मासे नाही, गर्दी असेल तर काही तासांतच गुदमरतात आणि उन्हाळ्यात तर लवकरच, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. बॅटरीवर चालणारा एअर पंप मिळतो, लाइट गेली की आपोआप सुरू होणारा, तो लावल्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही. कूलरचा पंप लावला असेल तर त्याच्या भरवशावर जाऊ नका, माझा एप्रिलमध्ये घेतलेला दसऱ्याआधीच बसला. 18 वॅटचा चांगला पंप महिनाभर अखंड चालला तरी 13 युनिट होतात, तिथे काटकसर नको.

मोठे निरोगी मासे आठवडाभर न खाता राहतात, पण 10 दिवस म्हणजे शेजाऱ्यांना किल्ली द्यावी लागणार आणि खरी भीती तिथेच आहे. डबा दिलात तर "बिचारे उपाशी आहेत" म्हणून मूठभर टाकतील, ते कुजेल आणि अमोनिया परत चढेल. एक दिवसाआड एक अशा चिमूट-चिमूट खाण्याच्या पाच कागदी पुड्या बांधा, वर तारीख घाला आणि डबा कुलपात. सोबत दोन बादल्या पाणी भरून ठेवा, टबावर मार्करने रेघ मारा आणि पाणी रेघेखाली गेलं तरच घाला म्हणावं.