वाचक विचारतात : डिटेक्टर वाजला, पण कशाला वाजला?

प्रश्न : मुळशी तालुक्यातील आमच्या भातखाचरात गेल्या आषाढात लावणीच्या वेळी आईचे मंगळसूत्र तुटले. मणी बरेचसे मिळाले, परंतु दोन वाट्यांपैकी एक चिखलात गेली. कापणीनंतर खाचर सुकल्यावर मी साधा मेटल डिटेक्टर विकत आणला. तो पावलोपावली वाजतो आणि खणले की काहीच निघत नाही. यंत्र खराब आहे का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : यंत्र बिघडले असावे असे आपल्या पत्रावरून वाटत नाही, ते कशामुळे वाजते, हे खणण्यापूर्वी ठरवायचे तेवढे राहून जात आहे. डिटेक्टरची तबकडी जमिनीत सतत बदलते चुंबकीय क्षेत्र सोडते, त्यामुळे धातूत विद्युतप्रवाहाचे भोवरे उठतात आणि त्यांचा प्रतिसाद तबकडीतील दुसरी कॉइल टिपते. मात्र या कॉइलला धातूखेरीज इतरही पुष्कळ काही ऐकू येते. म्हणून पहिली परीक्षा यंत्र न हलवता करावी. यंत्र सुरू करून बांधावर ठेवावे आणि हात काढून घ्यावा. तरीही ते कुरकुरत असेल, तर दोष जमिनीचा नसून वरून गेलेल्या वीजवाहिनीचा, विहिरीवरील मोटारीचा किंवा आपल्याच खिशातील मोबाइलचा आहे. साधारण सेकंदाला एक असा ठरावीक टक् टक् आवाज येत असल्यास रानडुकरांसाठी शेजाऱ्यांनी झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणारे साधन, लावले आहे का, ते पाहावे. ते तासभर बंद ठेवण्याची विनंती करावी. ते जमत नसेल तर यंत्राची संवेदनशीलता कमी करावी.

ठेवलेले यंत्र गप्प राहते आणि फिरवताच बडबडू लागते, तेव्हा कारण बहुधा मातीत असते. पुण्याच्या भोवतालचा काळा बसाल्ट खडक मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे कण बाळगून आहे आणि त्याच्या मातीतही ते उतरतात; सुक्या मातीतून लोहचुंबक फिरवला तर त्याला काळ्या मिशा फुटतात, त्या याच. यासाठी धातू नसलेल्या जागी तबकडी खालीवर करीत, दोन्ही वेळचा आवाज सारखा होईपर्यंत ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा आवाज वगळण्याची यंत्रातील सोय, जुळवावा. आपल्याकडे आणखी एक कारण संभवते. भाताच्या धसकटांवर तबकडी आपटली की यंत्र धातू नसतानाही वाजते, त्यामुळे आधी धसकटे जमिनीलगत कापून घ्यावीत.

एवढे झाल्यावर उरलेल्या आवाजांची पारख करावी. खरी वस्तू जागा सोडत नाही. तबकडी डावीकडून उजवीकडे नेली काय किंवा उजवीकडून डावीकडे नेली काय, ती त्याच ठिकाणी वाजते, आणि आपण काटकोनात वळून पुन्हा तबकडी फिरवली तरी तिथेच वाजते. एकदा वाजून पुन्हा न वाजणारा, फक्त एका दिशेने येणारा किंवा फेरीच्या टोकाला हात वळतानाच येणारा आवाज सोडून द्यावा. दगड वाजत असल्याची शंका आली, तर तो उचलून दूर ठेवावा. आवाज त्याच्याबरोबर गेला की उलगडा झाला.

धातू कोणता असावा हे सुचवणाऱ्या पडद्यावरील आकड्यावर मात्र फार विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लहान सोन्याचा आकडा आणि औषधाच्या गोळ्यांच्या अॅल्युमिनियम पट्टीचा आकडा बहुधा शेजारी शेजारी पडतात. पट्ट्यांचा त्रास नको म्हणून ती पातळी बंद केली, तर वाटीही मुकी होईल. त्यापेक्षा घरी असलेली दुसरी वाटी त्याच खाचरात चार बोटे मातीखाली ठेवून तिचा आवाज कानात बसवावा. तिला लांब रंगीत दोरा अवश्य बांधावा, नाहीतर पुढच्या पत्रात आपण दोन वाट्यांबद्दल विचाराल. मग दोऱ्या लावून खाचराचे पट्टे पाडावेत, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी येऊ द्यावी आणि तसा आवाज देणारी प्रत्येक जागा खणावी. मंगळसूत्राची बारीक साखळीही हरवली असेल, तर तिच्या आवाजाची वाट पाहू नये. यंत्राला अखंड साखळी दिसत नाही, सुटी सुटी कडी दिसते आणि ती फार क्षीण वाजते.

प्रश्न : पडक्या वाड्याच्या आमच्या जागेत यंत्र चांदीचा आकडा दाखवते आणि गंजलेला खिळा निघतो. कधी तर खड्ड्यात काहीच नसते.
— एक वाचक, जुन्नर

उत्तर : लांब खिळ्याची टोके आणि मध्ये भोक असलेला लोखंडी वायसर, दोन्ही यंत्राला चकवतात. अशा ठिकाणी काटकोनात वळून पाहावे. उंच स्वर तुटला, घसरला किंवा पिनपॉइंट केल्यावर, म्हणजे वस्तूची नेमकी जागा शोधल्यावर, मध्य भलतीकडे निघाला, तर लोखंड समजावे. गंज मातीत मुरून वस्तूचा आभास मोठा होतो आणि माती उकरताच तो मोडतो, म्हणून खड्डा रिकामा भासतो. तरी उपसलेल्या मातीवरून तबकडी एकदा फिरवावी. लोखंडाची पातळी सरसकट बंद करताना एवढे लक्षात असावे की १९९२ पासूनचा स्टेनलेस स्टीलचा रुपया लोहचुंबकाला चिकटतो आणि बहुतेक यंत्रे त्याला लोखंडातच जमा करतात. शिवराई तांब्याची असल्यामुळे तिचा आवाज उंच आणि स्थिर येतो. जमिनीत दडवलेला असा ऐवज दहा रुपयांहून अधिक किमतीचा निघाला, तर जागा आपली असली तरी १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते.